म्हातारीचा तुटका हात

३ फेब्रुवारी, सोमवार

संस्था दर वर्षी एक डायरी देते. जाड पुठ्ठ्याची, पानोपानी खाली एक सुविचार छापलेली. घरात आली की ती आमची ही ताब्यात घ्यायची आणि किराणा, दुधाचे खाडे, कुणाकुणाचे फोन असलं सगळं तिच्यात भरायची. या वर्षीची कोरी पडून आहे, कारण ही घरात नाही. कोरा कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी बसलो लिहायला. दुसरंही एक कारण आहे. काल सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुरिअरवाला आला आणि मी ‘सही कुठे करू?’ विचारायला गेलो, तर आवाजच फुटेना. सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता.

ही लेकीकडे आहे. बाळंतपणासाठी म्हणून सप्टेंबरात गेली. बाळ झालं, बाळानं बाळसं धरलं, आता पालथंही पडतं म्हणे, तरी हिच्या परतीचा पत्ता नाही. लेकीला आयती आई मिळाली आहे, ती कशाला सोडते! जावईही साखरपेरणी करणारा. ‘आई, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही,’ असं म्हणाला की हिचा पाय निघत नाही. इथं माझं पान हलतं की नाही, ते कोण बघतो?

आजचा सुविचार: ‘धीर धरा.’ धरला आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कामाबद्दल लिहितो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस नुसता कुरकुरतो. वाचणारं कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

दीर्घिकेचा फोटो आपण बघतो तो ताऱ्यांचा. तारे संपले की लोकांना वाटतं दीर्घिका संपली. पण ताऱ्यांच्या पलीकडे हायड्रोजन वायूची पातळ तबकडी लांबवर पसरलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, रेडिओ दुर्बिणीला मात्र तिचा माग लागतो. मी उभा जन्म या काठावरच्या वायूत घातला. लग्न ठरताना हिला हे समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली होती, ‘म्हणजे घर सोडून अंगणाचंच बघता तुम्ही.’

सध्याच्या दीर्घिकेला एक लांबलचक क्रमांक आहे, पण संस्थेत आम्ही तिला म्हातारी म्हणतो; वाऱ्यावर उडते त्या कापसाळ बीवरून. तिच्या ताऱ्यांमध्ये दोन सर्पिल भुजा आहेत. आम्ही भुजा म्हणत नाही, हातच म्हणतो. दोन्ही हात छान वळण घेत बाहेर येतात आणि तारे संपतात तिथं संपतात. मग नुसती पोकळी. आणि पोकळीच्या पलीकडे, काठावरच्या वायूत, आणखी एक लांब हात. एकटाच, कशालाच न जोडलेला. हा आला कुठून?

माझं म्हणणं सरळ आहे. आतून आला असता तर आतल्या हाताला जोडलेला दिसला असता. म्हणजे तो बाहेरून कुणीतरी ओढून काढला आहे. म्हातारीच्या आसपास एखादी अंधारी, जवळपास तारेच नसलेली सहचर दीर्घिका फिरते आहे आणि हे तिचं काम आहे. ती शोधायला मी दुर्बिणीचा वेळ मागितला आहे. डिसेंबरात निवृत्त होतोय. जाताना एवढं पदरात पडलं तर एकतीस वर्षांचं सोनं होईल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिचा निरोप आला. ही हल्ली फोन करत नाही, मोबाइलवर बोलून पाठवते. सात मिनिटांचा निरोप! सात मिनिटांत मी वर्गात अख्खी दीर्घिका शिकवून मोकळा होतो.

माझी त्यावर एक पद्धत आहे. सुरुवात ऐकायची, शेवट ऐकायचा. मधलं सगळं मला पाठ आहे: बाळाची शी, लेकीचा खोकला, समोरच्यांचा कुत्रा. आजची सुरुवात, ‘अहो, मोरीतला नळ बघितलात का? तो गळतोय, जायच्या आधीपासून सांगतेय मी.’ आणि शेवट, ‘तेवढं कळवा, म्हणजे मला ठरवता येईल. आणि जेवणाची आबाळ करू नका.’

मी उत्तर लिहिलं: ‘बरं.’

नळ गळतो हे खरं आहे. खाली बादली ठेवली आहे.

दिवसभर म्हातारीची नवी मोजमापं साफ केली. आमच्या दुर्बिणीत अँटेना पुष्कळ, मैदानभर विखुरलेल्या. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. लांब-लांबच्या अँटेनांची जोडी बारीक तपशील टिपते. जवळजवळच्यांची जोडी पसरट, मंद, विरळ असं जे काही असेल ते टिपते. पण रस्त्यावरचा ट्रक, कुणाचा मोबाइल, कुंपणावरची वीज, हा सगळा कचराही त्याच जवळच्या जोड्यांत शिरतो. तो निवडत बसणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. मी जवळच्या जोड्या सरळ टाकून देतो. सगळेच थोड्याफार टाकतात. मी अंमळ जास्त टाकतो, पण माझं चित्र कसं स्वच्छ येतं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

हिच्यात सुधारणा आहे. गेल्या आठवड्यात दोनच निरोप आले आणि दोन्ही आटोपशीर. ‘बाळाला दात येतोय. तुम्ही बरे आहात ना?’ संपलं. मी लगेच ‘उत्तम’ असं कळवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे हिला थोडक्यात बोलायची हातोटी साधली.

सकाळची कुठल्याशा बालवाडीत जायला लागली आहे म्हणे. हे लेकीनंच जुळवलं असणार. आईला तिथं गुंतवून टाकायचं, म्हणजे इकडे यायचा प्रश्नच नको. मी संध्याकाळी लेकीला फोन लावला. जरा ठणकावूनच विचारायचं होतं, पण तिनंच तोंड उघडू दिलं नाही.

‘बाबा, तुम्ही आईला काय सांगितलंत?’

‘मी? काहीच नाही.’

‘तेच म्हणतेय मी.’

‘कोड्यात बोलू नकोस. आई कधी येतेय ते सांग.’

‘ते मला काय विचारता? आईला विचारा की!’

आणि बाळ रडलं म्हणून तिनं फोन ठेवला. बाळाचा आवाज काही मला ऐकू आला नाही. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुर्बिणीचा वेळ मिळाला! एकवीस मार्चपासून पाच दिवस. संचालकांनी स्वतः खोलीत येऊन हात हातात घेतला. वीस तारखेला संस्थेत माझं व्याख्यान, दुसऱ्या दिवसापासून शोध.

ही बातमी आधी कुणाला सांगावी म्हणून मी मोबाइल काढला. हिला लिहिलं, ‘वेळ मिळाला. व्याख्यान २० मार्च. तोवर परत ये म्हणजे ऐकता येईल.’ मग वाटलं, ‘परत ये’ म्हणजे फारच गळ घातल्यासारखं होतं. ते खोडलं. नुसतं ‘वेळ मिळाला. व्याख्यान २० मार्च’ एवढं पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘छान. अभिनंदन.’

मग भिंगरीला फोन केला. भिंगरी माझी जुनी विद्यार्थिनी. दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावायची, म्हणून हे नाव मीच दिलं. आता ती दुसऱ्या संस्थेत प्राध्यापक आहे आणि माझ्या विरुद्ध मताची आहे. तिचं म्हणणं, काठावरचे हात आतूनच येतात. आतल्या हातांमुळे लाट उठते. ताऱ्यांमधली लाट केंद्रापासून ठरावीक अंतरावरच्या एका गोल कड्यापाशी विरून जाते, पण वायूतली लाट ते कडं ओलांडून बाहेर निघते. आणि बाहेर वायू जितका विरळ, तितकी ती मोठी होत जाते.

‘चाबकासारखं आहे, सर. मुठीपाशी जरासं हलवलेलं असतं, फटकारा टोकाला बसतो. मग टोकाकडे बघून आपण म्हणतो, कुणी मारलं?’

‘पण माझा हात तुटका आहे ना! मधे पोकळी आहे.’

‘पोकळी शून्य आहे, की शून्याच्याही खाली?’

‘म्हणजे?’

‘जवळच्या जोड्या ठेवल्यात ना, सर?’

मी म्हणालो, मी तुला जोड्या निवडायला शिकवल्या आहेत, तू मला नको शिकवूस. ती हसली, पण जरा उशिरा हसली. गुरूची विद्या गुरूलाच! मनाला लागलं खरं.

१ मार्च, शनिवार

सुट्टी. कपाट आवरलं. हिच्या साड्यांच्या कप्प्याला हात लावला नाही. स्वयंपाक हल्ली बरा जमतो. भात, आमटी, एखादी भाजी. भात मात्र अजून दोघांचाच होतो. माप तेच हातात बसलं आहे, त्याला काय करणार.

दुपारी झोप लागली आणि उठलो तर घर इतकं शांत होतं की मोरीतल्या बादलीत पडणारा थेंब पुढच्या खोलीत ऐकू येत होता. मी हाक मारली. काही काम नव्हतं, झोपेच्या गुंगीत मारली. मग बराच वेळ गादीवर तसाच बसून राहिलो. मला करमत नाही. लिहायला लाज वाटते, पण मला करमत नाही.

ही घरात असताना तरी आम्ही कुठे बोलत होतो? बोलायची तीच. मी संगणकावर म्हातारीची चित्रं बघत बसायचो. पण पाठीमागे तिची बडबड चालू असायची, भांड्यांचा आवाज असायचा. त्यात मला काम सुचायचं. आता सगळं सामसूम आहे आणि एक ओळ लिहून होत नाही.

१२ मार्च, बुधवार

गेले आठ-दहा दिवस लिहिलं नाही, कारण खडे वेचत होतो. भिंगरीचं तोंड बंद करावं म्हणून टाकून दिलेल्या जवळच्या जोड्या परत काढल्या. एकेक जोडी घ्यायची, मिनिटामिनिटाचं बघायचं, ट्रक गेला तेवढं उडवायचं, बाकीचं ठेवायचं. डोळ्यांचं पाणी पाणी झालं. आणि खरं सांगतो, वाटला होता तेवढा कचरा त्यात नव्हता.

जुन्या चित्रातली ती पोकळी मुद्दाम मोजून बघितली. ती शून्य नव्हती, शून्याच्या खाली होती. हे मला आधीही दिसलं होतं आणि मी चालवून घेतलं होतं. आकाशात शून्यापेक्षा कमी काही नसतं. चित्रात तसं आलं, तर त्याचा अर्थ तिथं काही नाही असा होत नाही. तिथलं काहीतरी आपण काढून टाकलं आहे, असा होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवतो.

आज दुपारी नवं चित्र तयार झालं. पोकळी नाही. आतल्या हाताच्या टोकापासून काठावरच्या हातापर्यंत वायूचा एक रुंद, मंद पट्टा अखंड वळत गेला आहे. हात तुटलेला नाही. कधीच नव्हता. न दिसणारी सहचर बिहचर कुणी नाही. मी हातात पेन्सिल घेऊन त्या पट्ट्यावरून दोनदा बाहेर गेलो आणि दोनदा परत आत आलो.

१३ मार्च, गुरुवार

भिंगरीला फोन केला. ‘जोडलेला आहे,’ एवढंच म्हणालो. तिनं ‘सांगितलं होतं ना’ असं म्हटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर चारदा म्हटलं असतं. ती म्हणाली, ‘सर, घरी कुणी आहे ना तुमच्या?’

‘आहे की,’ मी म्हणालो.

मग संचालकांकडे गेलो, व्याख्यान रद्द करा म्हणालो. त्यांनी दिलासा दिला की हा पट्टा सापडणं हेही काही कमी नाही. बरोबर आहे. पण तो सापडायला मला पाच दिवस दुर्बीण नको होती. तो आधीपासूनच माझ्याकडे होता, मीच टाकून दिलेला.

१८ मार्च, मंगळवार

आज मी संस्थेत गेलो नाही. सकाळी प्लंबरला बोलावून नळ दुरुस्त करून घेतला. तो गेला आणि थेंबाचाही आवाज बंद झाला. तेव्हा मात्र घर अंगावर आलं. काहीतरी आवाज हवा म्हणून मी मोबाइल काढला आणि हिचे जुने निरोप लावले. सप्टेंबरपासूनचे, ओळीनं, पूर्ण. मधे उड्या न मारता.

मला पाठ आहे म्हणालो होतो, पण कुत्र्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बाळाला हिचा चष्मा ओढायची खोड आहे. लेक एकदा रडली, तेव्हा हिनं काय केलं ते सगळं आहे. मी हसलोही मधेमधे. दुपार झाली तरी उठलो नाही. मग अकरा फेब्रुवारीचा तो सात मिनिटांचा लागला. नळ झाला, समोरच्यांचा कुत्रा झाला, आणि पुढे तिचा आवाज एकदम खाली आला. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावून इथं उतरवतो आहे.

‘बाळ झोपलंय, म्हणून हळू बोलतेय. अहो, एक विचारू का? फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही ‘हं’ म्हणता आणि मला पुढचं सुचत नाही. लेकीला आता माझी तशी गरज नाही हो. ती सगळं करते आपल्या मनानं. मी कधीही निघू शकते. पण पाय निघत नाही. घराची आठवण येते, तुमचीही येते. पण तिथं येऊन मी काय करायचं, ते कळत नाही. तुम्ही येता, जेवता, परत म्हातारीपाशी जाऊन बसता. इथं बाळ निदान माझ्या तोंडाकडे बघतं. तर तुम्हाला मी यायला हवी आहे का? स्वयंपाकासाठी नाही म्हणत, तो तर तुम्ही शिकलात. तशीच, मी. तुम्ही नुसतं ‘ये’ म्हणालात ना, तरी रविवारच्या गाडीत बसते. आणि तसं वाटत नसेल, तर तेही सांगा. मी रागावणार नाही. इथल्या बालवाडीत विचारताहेत, सकाळच्या याल का म्हणून. तेवढं कळवा, म्हणजे मला ठरवता येईल. आणि जेवणाची आबाळ करू नका.’

खाली माझं उत्तर आहे. ‘बरं.’

त्या रविवारी तिनं सामान बांधलं होतं का, कुणास ठाऊक. लेक दोषी नाही, जावई नाही, बाळ तर नाहीच. मी आज जेवलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते खडे वेचल्याचं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

फोन लावला, तर ती बालवाडीत असावी, उचलला नाही. मग मी आयुष्यात पहिल्यांदा बोलून निरोप पाठवला. बोलायला बसलो तेव्हा कळलं की हे किती अवघड आहे. पलीकडे कुणी ‘हं’सुद्धा म्हणत नाही. मी नळापासून सुरुवात केली, की तो नीट झाला. मग प्लंबरचं. मग भाताचं माप. मग कुठून कसा कोण जाणे धीर आला आणि म्हणालो, ‘तुझा फेब्रुवारीतला निरोप मी परवा ऐकला. म्हणजे तेव्हा ऐकलाच नव्हता. ये. मला तू हवी आहेस. स्वयंपाकासाठी नाही.’ त्यानंतर इतकं अवघडायला झालं की म्हातारीवर गेलो आणि हात कसा जोडलेला निघाला ते सांगत बसलो. शेवटी ‘तब्येतीची काळजी घे’ म्हणून थांबलो. पावणेपाच मिनिटं झाली होती.

दुपारी निरोपापुढे ऐकल्याची खूण उमटली. मी मोबाइल हातात धरून उभाच होतो. मिनिटभरात उत्तर आलं.

‘बरं.’

दुप्पट वेगानं ऐकला असं धरलं, तरी हिशेब बसत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दुर्बिणीचा वेळ आजपासून होता, तो भिंगरीच्या नावावर करून दिला. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही नाही बसणार?’ मी म्हणालो, जवळच्या जोड्या टाकू नकोस म्हणजे झालं. ती पुन्हा उशिरा हसली, पण या वेळी मीही हसलो.

पिशवी दाराशी आहे. दोन जोडी कपडे, दाढीचं सामान आणि ही डायरी. दूध बंद केलं, नळ घट्ट बंद केला, किल्ली शेजारी दिली. शेजारच्यांनी विचारलं, ‘वहिनींना आणायला निघालात?’ मी म्हणालो, नाही, विचारायला निघालोय. तिला यायचं नसेल, तर तिथंच एखाद्या खुर्चीत बसून राहीन आणि ती बोलेल ते ऐकेन. बालवाडीचंसुद्धा.

मी येतोय, हे तिला कळवलेलं नाही. आमच्याकडे निरोप पूर्ण ऐकत नाहीत.